साध्या रंगाची छकुली

अमडापूरच्या बाजारगल्लीत मोतीराम टेलरचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक कपाट, मापं घ्यायला कोपऱ्यात ओढलेला पडदा आणि भिंतीला टांगलेले दोन-चार अर्धवट शिवलेले कपडे. नवे कपडे शिवून घेणारे आता कमी झाले. शाळेचे गणवेश, ब्लाऊज, उसवलेल्या पँटी, साड्यांचे फॉल, एवढं काम येतं आणि तेवढं मोतीरामला पुरतं. मुलगा पुण्याला कमावता आहे, घर स्वतःचं आहे, अंगणात लिंबाचं झाड आहे, कोंबड्या आहेत. माणसाला आणखी काय लागतं, असं तो म्हणत असे आणि ते मनापासून म्हणत असे. फक्त घराच्या मागच्या खोलीत एक साप होता, आणि त्या सापावर मोतीरामचा जीव होता. ही गोष्ट गावाला काही केल्या समजत नसे.

साप त्याने आणलेला नव्हता. मुलगा हर्षल पुण्यात शिकत असताना त्याला विदेशी साप पाळायचा नाद लागला होता. आपल्याकडचा साप घरात ठेवणं गुन्हा आहे. पण हे साप मूळचे अमेरिकेतले, बिनविषारी, इथे पेट्यांमध्येच जन्मलेले. सरकारदरबारी रीतसर नोंद करून ते पाळता येतात. इंग्रजीत त्यांना कॉर्न स्नेक म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत मक्याचा साप. हर्षलकडे असे चार होते. एक पांढराफेक, गुलाबी डोळ्यांचा. एक राखाडी. एक लोण्यासारखा पिवळा. आणि चौथी ही. हर्षलचं लग्न ठरलं तेव्हा होणारी सून प्रतीक्षा हसत हसत पण ठामपणे म्हणाली की घरात एकतर मी राहीन, नाहीतर हे राहतील. पहिले तिघे मित्रांनी हातोहात उचलले. चौथीला कुणी घेईना, कारण ती साधी होती. साधी म्हणजे जंगलात असते तशाच रंगाची. माणसांनी जोड्या लावून लावून घडवलेले पांढरे, गुलाबी, पिवळे रंग ज्यांना हवे असतात त्यांना ही फुकटही नको होती. हर्षल तिला काचेच्या पेटीसकट अमडापूरला घेऊन आला आणि दोन महिने सांभाळा, कुणीतरी घेणारा सापडेल, असं सांगून गेला. हर्षलची मुलगी आता शाळेत जाते, आणि साप अजून इथेच आहे.

सुरुवातीला मोतीराम पेटीतलं पाणी बदलायचा तेसुद्धा अंग चोरून. मग एका दुपारी तो पेटी पुसायला गेला तेव्हा तिने नुकतीच कात टाकली होती आणि मागच्या खिडकीतलं ऊन नेमकं तिच्या अंगावर पडलं होतं. मोतीरामने फडकं हातातच धरलं. अंगाची जमीन केशरी-तपकिरी, मळणी झालेल्या खळ्यावर संध्याकाळचं ऊन पडावं तशी. तिच्यावर मानेपासून शेपटीपर्यंत विटकरी लाल ठिगळं, आणि प्रत्येक ठिगळाला सभोवार काळी बारीक किनार. मोतीरामने जन्मभर कापडाला पायपिंग लावलं होतं. वळणावर ते कसं सुटतं, कसं जाड-बारीक होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इथे एकाही वळणावर किनार सुटलेली नव्हती. ती सापीण जराशी उलटली तेव्हा पोटाखालचे काळे-पांढरे चौकडे दिसले, जुन्या गावरान मक्याच्या कणसात असायचे तसे, आणि या सापाला मक्याचं नाव का पडलं असेल ते त्याला न विचारता कळलं. तो तिथेच खाली बसला. स्वयंपाकघरात त्याचा चहा थंड होऊन साय धरून राहिला.

त्या दिवसापासून ती छकुली झाली.

गावाने जे म्हणायचं ते म्हटलं. शेजारचे उकंडराव रोज सकाळी दुकानासमोरून जाताना कातीचा कोट शिवून देशीन काय म्हणून विचारत. मोतीराम म्हणे, माप देऊन ठेवा, कात साठली की शिवतो. एवढ्यावर दोघं हसत आणि दिवस सुरू होई. मोतीरामला लोकांच्या बोलण्याचं काही वाटत नसे. त्याला वाटत असे ते एकाच गोष्टीचं. दुकानात एखादं ब्लाऊज मनासारखं जमलं की तो ते घरी आणून बायकोला दाखवायचा. सुभद्राबाई बाही चिमटीत धरून शिवण बघायची आणि "हां, जमलं" म्हणायची. तेवढं झालं की त्याच्या लेखी काम पुरं होई. पण छकुलीची पेटी ज्या दिवशी मागच्या खोलीत आली, त्या दिवसापासून सुभद्राबाईने त्या खोलीचा उंबरठा ओलांडला नव्हता. भांडण केलं नाही, आदळआपट नाही. ती खोली तिने नवऱ्याच्या नावावर करून टाकली एवढंच. तिथला केर तो काढी. छकुलीसाठी पत्र्याच्या डब्यात पांढरे उंदीर वाढवी तेही तोच. "तुमचं तुमी पाहा," असं ती एकदा म्हणाली होती, आणि तिचं बोलणं एकदाच असायचं.

छकुलीला जोडीदार मिळाला तो बुलढाण्यातून. तिथे उत्तमराव नावाचे निवृत्त गृहस्थ होते. हर्षलच्या ओळखीतून त्यांचा फोन नंबर मिळाला. त्यांच्याकडे नर होता आणि तोही साध्या रंगाचा. मोतीराम त्यांना भेटायला गेला तेव्हा उत्तमरावांनी त्याला एक गोष्ट समजावून सांगितली. साप वरून साधा दिसला म्हणजे त्याची पिल्लंही साधी होतील असं नाही. आजा-पणजा पांढरा असला तर तो रंग आत दडून राहतो आणि एखाद्या पिढीत बाहेर येतो. मोतीरामने मान डोलावली. म्हणजे कापड साधं, पण अस्तर रंगीत. उसवलं की दिसतं. उत्तमरावांना हे इतकं आवडलं की ते पुढे स्वतःच सगळ्यांना अस्तराचं उदाहरण द्यायला लागले. त्यांच्या नराचं अस्तरही साधंच होतं, मागच्या कितीतरी पिढ्यांपर्यंत. छकुलीचंही तसंच असावं, असं हर्षल फोनवर म्हणाला.

नराला आणायला मोतीरामने मांजरपाटाची थैली शिवली, दुहेरी शिलाईची, तोंडाला नाडी. चिखलीच्या गाडीत ती मांडीवर घेऊन बसला. थैली जराशी हलली तशी कंडक्टरने विचारलं, "काका, काय हाय थैलीत?"

"जावई हाय," मोतीराम म्हणाला.

कंडक्टरने त्याच्याकडे बघितलं, थैलीकडे बघितलं, आणि एकच तिकीट फाडलं.

पहिल्या वर्षी अंडी झाली, पण उन्हाळ्याने ती वाळून सुरकुतली. एकही पिल्लू निघालं नाही. यंदा पुन्हा जोडी लावताना उत्तमरावांनी स्पष्टच सांगितलं की छकुलीचं वय झालं आहे, पुढच्या वर्षी ती अंडी देईल असं धरून चालू नका. द्यायला लावूही नका. मोतीरामला ते पटलं. म्हणून ही शेवटची. यातून एक जरी पिल्लू जगलं, तर छकुलीच्या माघारी तिचा रंग या घरात राहणार होता, नाहीतर नाही. गावात कुणाला कळणार नव्हतं की काय गेलं. पण त्याला कळणार होतं.

जूनच्या सुरुवातीला अंडी झाली. कोंबडीच्या अंड्यांसारखी टणक नव्हेत. लांबट, पांढरी, हाताला चामड्यासारखी मऊ. ओली होती तोवर मोतीरामने ती हलक्या हाताने सुटी केली. तीन मात्र एकमेकांना अशी चिकटली होती की सुटेनात. तो गठ्ठा त्याने तसाच ठेवला. नारळाचा ओलसर भुसा भरलेल्या डब्यात सगळी मांडली आणि मशीनजवळची मऊ पेन्सिल घेऊन प्रत्येक सुट्या अंड्याच्या वरच्या बाजूला बारीकशी खूण केली. सापाची अंडी जशी पडली तशीच राहायला हवीत. आतला जीव वरच्या बाजूला धरून असतो. अंडं उलटलं तर तो आपल्याच पाण्यात गुदमरतो, असं उत्तमरावांनी बजावलं होतं. चुकून डबा कलंडलाच तर वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून ती खूण. डब्याला झाकण लावून त्याने तो मागच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवला, जिथे ऊन पोचत नाही. मग रोज सकाळ-संध्याकाळ तो झाकण उघडून बघे. खुणा वर असत. तो समाधानाने झाकण लावी.

असे तीनेक आठवडे गेले असतील. एक दिवस दुपारी तो चष्मा घरी विसरला म्हणून परत आला. पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. मागच्या खोलीत आवाज आला म्हणून तो तिकडे गेला, आणि दारातच थांबला.

सुभद्राबाई कोनाड्यासमोर बसली होती. डब्याचं झाकण बाजूला होतं. पदराला हात पुसून तिने एक अंडं दोन बोटांत घेतलं, अलगद उलटं केलं आणि पुन्हा भुशात ठेवलं. मग दुसरं. कोंबडीच्या खुराड्यात करायची तसंच काम ती इथे करत होती, घाई नाही, धक्का नाही. छकुली पेटीत वेटोळं करून बसली होती, आणि सुभद्राबाई तिच्याकडे पाठ करून बसली होती, जणू शेजारीण बसली आहे.

मोतीरामने चौकट धरली. तिनेच मागे वळून बघितलं.

"आले काय," ती म्हणाली. पकडली गेल्यासारखी दिसली नाही; उलट जरा रागावल्यासारखी दिसली. "खुणा करून ठेवल्या अन् मंग फिरवाचं भुलून जाता. कवाबी पाहा, खुणा वरच. मीच फिरवून राह्यली ना रोज. दुपारी खाली करतो, तुमी याच्या आंधी वर करून ठेवतो."

मोतीरामला तेव्हा सगळं उलगडलं. काही वर्षांपूर्वी बायकांच्या बचत गटात पिल्लं काढायची एक बल्बची पेटी आली होती. कोंबडी अंड्यांवर बसते तेव्हा ती चोचीने ती फिरवत असते. पेटीत ते काम माणसाला करावं लागतं. म्हणून शिकवायला आलेल्या बाईंनी अंड्यांवर पेन्सिलने खूण करायला सांगितलं होतं: सकाळी खूण वर, संध्याकाळी खूण खाली. ज्या घरात अंड्यावर पेन्सिलीची खूण म्हणजे फिरवायची खूण, त्या घरात त्याने अंड्यांवर खुणा केल्या होत्या आणि कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"त्या गठ्ठ्याले मी हात नाई लावला," ती पुढे म्हणाली. "चिकटलेलं अंडं खराब असते. फेकूनच देणार होती, पण म्हटलं तुमाले इचारून."

तो उंबरठ्यावर बसला. खोलीत यावी, पेटीसमोर बसावी, एवढंच त्याला इतकी वर्षं हवं होतं. ती आली होती. आठवडे झाले, रोज येत होती. आणि आज त्याला तिला सांगायचं होतं की तू आलीस तेच चुकलं.

तो उठला. चष्मा घेऊन दुकानात गेला, एका शाळकरी मुलीच्या स्कर्टची पट्टी उलटी लावली, उसवली, पुन्हा लावली. संध्याकाळी जेवायला बसल्यावर, भाकरी मोडता मोडता, ताटाकडेच बघत त्याने सांगून टाकलं. सापाची अंडी फिरवत नसतात. खूण कशासाठी होती तेही सांगितलं. जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. आवाज चढू दिला नाही, आणि खोटी समजूतही काढली नाही.

सुभद्राबाईचा हात परातीतच थांबला. तिने पीठ बाजूला सारलं. मग म्हणाली, "मंग मले सांगाचं नाई काय?"

"तू तिथं येशीन असं वाटलंच नाई मले."

तव्यावरची भाकरी एका बाजूने करपली, ती तिने स्वतःच्या ताटात घेतली.

उत्तमरावांनी फोनवर ऐकून घेतलं आणि जराशाने म्हणाले की उलटलेल्या अंड्यांतूनही कधीकधी पिल्लं निघतात, आता हात लावू नका आणि वाट बघा. हर्षल मात्र हसला, म्हणाला बाबा, आईने पंधरा वर्षं कोंबड्या काढल्या, तिला दोष कसा देणार. मोतीराम म्हणाला, दोष देतोय कोण.

पुढच्या दिवसांत एकेक अंडं पिवळं पडायला लागलं. आधी एका बाजूला खळी पडे, मग बुरशीचा हिरवा ठिपका येई. मोतीराम ते चमच्याने उचलून लिंबाच्या झाडाखाली पुरून येई. सुभद्राबाई ओट्यावरून त्याला जाताना बघे. ती मोजत असावी. पण तिने कधी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. एक मात्र बदललं. ती आता मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राही. आत येत नसे, डब्याला हात लावत नसे. दाराच्या चौकटीला टेकून ती छकुलीकडे बघे. एकदा म्हणाली की ही दिवसभर झोपते आन् तुमी तिच्यासाठी जागता. एकदा विचारलं की तिचं तोंड नेहमीच असं हसल्यासारखं असते काय. मोतीराम म्हणाला, हाव. त्या दिवशी त्याने दुकानात दुपारभर गुणगुणत काम केलं.

शेवटी डब्यात चिकटलेल्या तिन्हींचा गठ्ठा आणि सुट्यांपैकी दोन अंडी उरली, अजून पांढरी, अजून टम्म. पण दिवस भरत आले आणि भरून गेले तरी कुठे काही हालचाल दिसेना. मोतीरामला रात्रीची झोप लागेना. उत्तमरावांना विचारलं तर ते म्हणाले की पिल्लू तयार असूनही कधीकधी कवच फोडायला कमी पडतं; अगदी वाटलंच तर बारीक कात्रीने वरच्या बाजूला एक बारीकशी चीर द्या, नखाएवढी, म्हणजे त्याला श्वास मिळेल. ते असंही म्हणाले की मी स्वतः हे फार वेळा केलेलं नाही. मोतीरामला पुढचं वाक्य नीटसं ऐकू आलं नाही. कात्री म्हटल्यावर त्याचे हात आपोआप तयार झाले होते. कात्री तरी त्याला चालवता येत होती.

दुसरा दिवस नागपंचमीचा होता. त्या दिवशी मोतीरामचं दुकान दरवर्षी बंद असतं. पंचमीला घरात विळी नाही, सुरी नाही, कात्री नाही. तवा चुलीवर चढत नाही, शेतात नांगर-कुदळ मातीला लागत नाही. सकाळीच सुभद्राबाईने भिंतीवर नाग काढले, लाह्या-फुटाणे वाहिले आणि कानोले उकडायला ठेवले. शेजारची पंचफुला दरवर्षीप्रमाणे हळद-कुंकू घेऊन आली आणि दरवर्षीप्रमाणेच विचारलं की तुमच्या जित्या सापाचीच पूजा करू द्या ना, भाऊ. मोतीराम म्हणाला, "तो नाग नोहे वो, मक्याचा साप होये. त्याले लाह्या चालत नाईत."

"मंग मक्याच्या लाह्या आणू काय?" पंचफुला म्हणाली, आणि दोघी बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

मोतीरामला हसू आलं नाही. पंचफुला गेल्यावर तो मागच्या खोलीत गेला. झाकण काढलं. अंड्यांवर घामासारखे बारीक थेंब दिसत होते. त्याने खिशातून धागे कापायची लहान कात्री काढली, पुसली, आणि गठ्ठ्यातल्या सगळ्यात मोठ्या अंड्यावर जागा शोधायला लागला.

"आज कात्री नाई," दारातून आवाज आला.

"उशीर झाला तर आत मरन तो."

"आज पंचमी हाय."

"त्या अंड्यायले काय ठाऊक पंचमी?"

"त्यायले नसन ठाऊक. तुमाले हाय ना." ती उंबरठा ओलांडून आत आली आणि त्याच्याजवळ बसली. आवाज खाली आणला. "अन् पंचमी सोडा. कोंबडीच्या अंड्याचं मले ठाऊक हाय, बाकी मी चुकली असन. पिल्लू आपल्या जोरानं आलं तर जगते. आपण फोडून काढलं तर दोन दिवसात मान टाकते. मी काढले हायत असे, लहानपणी. एकबी जगलं नाई."

मोतीराम हातातल्या कात्रीकडे बघत राहिला. गेल्या वेळी ती कोंबड्यांच्या अनुभवावर चालली होती आणि आज पुन्हा कोंबड्यांचाच दाखला देत होती. यावेळी ते बरोबर आहे की नाही हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं. पेटीत छकुली निजली होती. सुभद्राबाईने झाकणाकडे हात नेला नव्हता. ती त्याच्यासाठी थांबली होती. तो एकदम थकल्यासारखा झाला, आणि मग बरंही वाटलं. त्याने कात्री खिशात ठेवली.

"लाव झाकण," तो म्हणाला.

तिने दोन्ही हातांनी झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. मागच्या दिवसाचं काम साचलं होतं. पोळ्यासाठी कुणाला सदरे हवे होते, कुणाच्या साडीला फॉल लावायचा होता. मोतीराम मान खाली घालून मशीन चालवत होता. चहाच्या वेळेला समोर कुणी उभं राहिलं. वर बघितलं तर सुभद्राबाई. बाजाराच्या दिवसाशिवाय ती दुकानापर्यंत कधी येत नसे. डोक्यावरचा पदर घसरला होता आणि ती धापा टाकत होती.

"चीर पडली," ती म्हणाली. "नाक बाहेर आलं."

मोतीराम उठलाच. सुई कापडात तशीच राहिली. "गठ्ठ्यातलं?"

"नाई." तिने पदर सारखा केला. "माह्यातलं."

दोघं झपाझप घरी आले. डब्यात, सुट्या दोन अंड्यांपैकी एकाला बारीक चीर पडली होती आणि चिरेतून खडूच्या तुकड्याएवढं डोकं बाहेर आलं होतं. ओलं, चकचकीत, दोन्ही डोळे उघडे. ते कुठेही जायला तयार नव्हतं. त्याने दिवसभर तसंच बाहेर बघितलं, संध्याकाळी पुन्हा आत गेलं, आणि दुसऱ्या सकाळी भुशावर एक वीतभर लांबीचा दोरा पडलेला होता. गठ्ठ्यातल्या तीन अंड्यांतून दोन पिल्लं त्याच दिवशी निघाली. तिसरं अंडं आणि उरलेलं एक सुटं अंडं काही फुटलं नाही. ती दोन्ही मोतीरामने लिंबाखाली नेली, आणि यावेळी सुभद्राबाईने त्याच्यासोबत जाऊन वर माती ओढली.

हर्षलने व्हिडिओ कॉल केला. पहिला प्रश्न रंगाचाच. एखादा पांढरा निघाला काय, बाबा? मोतीरामने फोन डब्यावर धरला. पिल्लं काही दिसायला फार सुंदर नव्हती. राखाडी अंग, त्यावर काळपट लाल ठिगळं, मानेजवळ कुठे कुठे केशरी छटा. हा रंग उजळायला दोन-तीन वर्षं लागतात. पण ठिगळांना किनार होती. तिघांनाही होती, शेपटीच्या टोकापर्यंत. "साधेच निघाले," मोतीराम म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचा चेहरा असा झाला होता की मागून प्रतीक्षाने विचारलं, बाबांना काय झालं?

पण उत्तमरावांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पिल्लू निघालं म्हणजे जगलं असं नाही. पहिली कात टाकल्यावर ते पहिला घास खातं की नाही, त्यावर सगळं असतं. काही पिल्लं तोंडच उघडत नाहीत आणि हळूहळू विरून जातात. गठ्ठ्यातल्या दोघांनी कात टाकली तशी पहिल्याच दिवशी उंदराची नुकती जन्मलेली पिल्लं गिळली; ते मोतीरामने सकाळी, सुभद्राबाई देवपूजेला बसली असताना उरकलं. पण तिचं पिल्लू काही खाईना. घास समोर ठेवला की ते मान मागे घेई आणि वेटोळ्यात डोकं खुपसे. एक दिवस झाला, मग चार दिवसांनी पुन्हा करून बघितलं, तेही तसंच.

सुभद्राबाईला हे सांगणं भाग होतं, आणि सांगायला मोतीरामची जीभ रेटेना, कारण श्रावण चालू होता. श्रावणात या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. छकुलीला आधीच पोटभर खाऊ घातलं की ती महिना काढते. दोन पिल्लांचं खाणं त्याने गुपचूप उरकलं होतं, ते तिला माहीत होतं आणि तिने माहीत नसल्यासारखं केलं होतं. तिसऱ्याचं पुन्हा पुन्हा करावं लागणार होतं.

तिनेच विषय काढला. "माह्यावालं खाऊन नाई राह्यलं ना?"

"नाई."

"दुसऱ्या दोघायनं खाल्लं?"

"हाव."

ती गहू निवडत होती. सुपातला एक खडा तिने बाजूला टाकला. "श्रावण सरेपर्यंत थांबता येते काय?"

"नाई थांबता येत."

"मंग घरात नको." ती सुपातच बघत बोलली. "दुकानात न्या. पडद्यामागं काय करता ते मी पाहाले येत नाई. पण उपाशी ठेवू नका त्याले."

मोतीरामने मांजरपाटाच्या उरलेल्या तुकड्याची एक चिमुकली थैली शिवली. सकाळी दुकानात जाताना एका खिशात ती आणि दुसऱ्या खिशात घासाची डबी. मापं घ्यायच्या पडद्यामागे स्टुलावर त्याने एक लहान डबा ठेवला, आत पिल्लू सोडलं, घास ठेवला, वरून अंधार व्हावा म्हणून शाळेच्या गणवेशाचं निळं कापड घातलं, आणि बाहेर येऊन मशीनवर बसला. उकंडराव आले, बसले, पडद्याकडे बोट दाखवून आत कोणाचं माप घेऊन राह्यला म्हणून विचारलं. मोतीराम म्हणाला, लेकराचं. जरा नाजूक हाय, वेळ लागते.

उकंडराव गेल्यावर त्याने पडद्याआड जाऊन निळं कापड उचललं. घास नव्हता. पिल्लाच्या अंगात, मानेच्या जरा खाली, एक छोटासा फुगवटा होता आणि ते डब्याच्या कोपऱ्यात समाधानाने पडलं होतं.

मोतीरामने पिल्लू थैलीत घेतलं, दुकान अर्धं लोटलं आणि घरी आला. सुभद्राबाई चुलीपुढे होती. त्याने थैली तिच्यासमोर उंच धरली, आणि नुसतीच मान हलवली.

"खाल्लं?"

"खाल्लं."

तिने हातातलं उलथनं खाली ठेवलं, हात पदराला पुसला आणि थैलीची नाडी सैल करून आत डोकावली. बराच वेळ बघितलं. किनार बघितली असावी, कारण बोट हवेतल्या हवेत एका ठिगळाच्या कडेकडेने फिरवलं, शिवण बघताना फिरवायची तसं.

"हां," ती म्हणाली. "जेवता काय तुमी? बसा."